शाळा भिंतीपलीकडे

गुरुग्रामचा उपग्रह-नकाशा जवळून न्याहाळला, की एक विसंगती डोळ्यांत भरते. दोन घरांमध्ये जेमतेम शंभर मीटरचे अंतर असते, पण मध्ये कुंपणभिंत असते. एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर आपल्या फाटकातून बाहेर पडून, हमरस्त्याने वळसा घालून, दुसऱ्या फाटकातून आत शिरावे लागते. शाळा अशा भिंतीपलीकडे असेल, तर तिची घंटा ऐकू येते आणि मूल मात्र बसची वाट पाहत उभे असते.

हा वळसा गणितात मांडण्याची वाट जुनी आहे. १७३६ साली लिओनार्ड ऑयलर यांनी सात पुलांचे कोडे सोडवताना नकाशातील लांबी-रुंदी वगळली आणि केवळ जोडण्या ठेवल्या. शहरालाही तीच दृष्टी लावून पाहावी. दहा गुणिले दहा चौकांच्या जाळीत १०० चौक आणि त्यांना जोडणारे रस्त्यांचे १८० तुकडे असतात. तेच चौक झाडाच्या फांद्यांसारखे जोडले, तर ९९ तुकडे पुरतात. विकासकाच्या हिशेबात ही बचत मोठी. वाचलेल्या जागेवर घरे उभी राहतात. परंतु जाळीत ८१ स्वतंत्र फेरे असतात, झाडात एकही नाही. जाळीतील एक रस्ता पाण्याखाली गेला तर शेजारचा मिळतो. झाडाची फांदी तुटली, की तिच्यापुढची सगळी घरे तुटतात. अशा वेळी आत रुग्णवाहिका कुठून न्यायची?

बंद गल्ली आपल्याला नवी नाही, हे मान्य केले पाहिजे. अहमदाबादच्या पोळांनाही दरवाजे होतेच. पण पोळ लहान, माणूस पायी चालणारा, आणि एका पोळातून दुसऱ्या पोळात निघणाऱ्या चोरवाटा पुष्कळ. गुरुग्राममध्ये १९७५ च्या कायद्यानुसार परवाने घेऊन खासगी विकासकांनी वसाहती उभारल्या. ज्याने त्याने आपल्या जमिनीपुरते रस्ते आखले. हे दुखणे एकट्या गुरुग्रामचे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेल्याचे आढळले.

इमारती पाडल्या जातात, रस्त्यांची आखणी मात्र टिकते. १७२७ साली वसवलेल्या जयपूरचे चौकोन आजही नकाशात स्पष्ट दिसतात. आजच्या भिंतीही तशाच दिसत राहतील. तरी कुंपणात माणूस जाईल एवढे एक दार पाडले, तर ९९ चे १०० होतात आणि पहिला फेरा पूर्ण होतो. तिथून मोटार गेली नाही तरी चालेल.