धाटावच्या मेस्त्रींचं देणं

ज्यांचं देणं लागतो अशा माणसांची यादी करायला बसलं, की शिक्षक, आई-वडील, पहिल्या नोकरीतले साहेब ही नावं ओघाने येतात. माझ्या यादीत बऱ्याच वर धाटावचे एक वायरिंगवाले मेस्त्री आहेत. कारण तसं किरकोळ आहे. गाडीचे फॉगलाइट.

रोह्याहून कोलाडकडे निघालं की धाटाव लागतं. एमआयडीसीतल्या रसायनांच्या कंपन्या, टँकरच्या रांगा, आणि त्यांच्या जिवावर चालणारी पंक्चर, वेल्डिंग, बॅटरी, वडापावची दुकानं. तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये मेस्त्री बसत. मी जवळच्याच एका कंपनीत प्रयोगशाळा सांभाळत होतो आणि सासुरवाडी पुण्याची. त्यामुळे कोलाड, सुतारवाडी, विळे आणि मग ताम्हिणी घाट हा आमचा नेहमीचा रस्ता. वर मुळशीचं धरण. सेनापती बापटांनी 1921 साली ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, ते टाटांचं धरण. तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, कुंडलिकेला मिळतं आणि आमच्या कारखान्यांच्या नळाला येतं. पाणी खाली यायचं, आम्ही वर जायचो, एवढाच काय तो फरक.

पावसाळ्यात हा घाट अवघड होतो तो वळणांमुळे नव्हे. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, थंडावतो आणि ढग सरळ रस्त्यावर येऊन बसतो. दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं. ताम्हिणीत जुलै महिन्यात बॉनेटच्या पुढे दहा पावलं दिसली तरी आम्ही खूश असायचो.

त्या सुमारास मी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेली, वजनदार, रस्ता धरून चालणारी गाडी. आधीच्या मालकाने चावी दिली, माहितीपुस्तक काही दिलं नाही. घाटासाठी जादा दिवे बसवून घ्यावेत म्हणून मी मेस्त्रींकडे गेलो. त्यांच्या फळीवर दिव्यांच्या जोड्या मांडलेल्याच होत्या. एक जोडी, रिले, फ्यूज, वायर आणि मजुरी असा चांगला हजारांतला सौदा होता.

मेस्त्रींनी आधी गाडीला एक फेरी मारली. खाली वाकून बंपरची चिखलाने भरलेली कड बोटाने पुसली. मग आत बसले, दिव्यांची गोल मूठ डिपरवर फिरवली आणि आपल्याकडे ओढली.

“अवो साहेब, दिवं हायतच की गाडीला! कशाला पैसं घालवताव?”

ती मूठ फिरते हे मला ठाऊक होतं. ती बाहेरही येते हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ‘टक्’ला पुढचे फॉगलाइट, काट्यांच्या पाटीवर हिरवी खूण. आणखी ओढली की दुसरा ‘टक्’, मागचा लाल दिवा आणि पिवळी खूण. बऱ्याच गाड्यांना हीच सोय इंडिकेटरच्या दांडीवरच्या कड्यात असते. पुढच्यांपैकी एक बल्ब गेलेला होता. मेस्त्रींनी तो बदलला, एक फ्यूज बदलला आणि तेवढ्याचेच पैसे घेतले. हाताशी आलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने घालवणारा दुकानदार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पण खरं देणं त्याच्या पुढचं आहे. “सांजच्याला गाडी घेऊन या, दिवं बांधू,” म्हणाले. मी गेलो. शेडसमोरच्या कुंपणाच्या भिंतीपासून दहा पावलांवर त्यांनी गाडी उभी केली, टायरची हवा तपासली, मला ड्रायव्हरच्या जागेवरून उठू दिलं नाही, कारण वजनाने गाडी बसते. दिव्याच्या उंचीएवढी एक खडूची रेघ भिंतीवर मारली, तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी. मग स्क्रू फिरवत फिरवत प्रकाशाची वरची कड खालच्या रेघेवर आणून टेकवली. ती कड सपाट, कापल्यासारखी हवी. वर सांडणारा उजेड धुक्यात आपल्याच डोळ्यांत परत येतो. हेडलाइटचा अप्पर मारला की समोर पांढरी चादर टांगल्यासारखं होतं ते म्हणूनच. फॉगलाइट खाली बसवतात, रुंद आणि आखूड पसरतात. आपल्या नजरेच्या रेषेत त्यांचा उजेड कमी येतो आणि रस्त्याच्या दोन्ही कडा उजळतात.

मी रसायनशास्त्राचा माणूस. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब, त्यावर प्रकाश विखुरतो, तो टिंडाल परिणाम, हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते बंपरच्या उंचीवर आणून मला कुणी दाखवलं नव्हतं. एकाच मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मेस्त्री पिवळ्या बल्बचे पक्के पुरस्कर्ते. पिवळा धुकं फोडतो म्हणत. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळं काय, पांढरं काय, सारखंच विखुरतं, असं मी सांगायचो. फ्रान्सने 1936 पासून 1993 पर्यंत हेडलाइट पिवळेच असावेत असा कायदा ठेवला होता, हे मीच एकदा बोलून गेलो आणि मेस्त्रींना कायमचा साक्षीदार मिळाला.

सासऱ्यांना रात्री दवाखान्यात हलवल्याचा फोन आला तो ऐन आषाढातला. विळ्यापर्यंत नुसता पाऊस होता. पुढे ढग लागला. मी अप्पर मिटवला, मूठ ओढली. डाव्या हाताची पांढरी पट्टी, तिच्यावरून आडवं वाहणारं गढूळ पाणी आणि कठड्याचे दगड एकामागून एक दिसू लागले. पत्नी काच थोडी खाली करून डावी कड सांगत होती. एका वळणानंतर अर्धा रस्ता अडवून बंद पडलेला टेम्पो होता. मागे दिवा नाही, ठेवलेला दगड नाही. त्याची चाकं आधी दिसली, मग फाळका. वेग रांगण्याइतकाच होता म्हणून मी थांबू शकलो. आमच्यामागून येणारी जीपही थांबली. तिचा ड्रायव्हर उतरून म्हणाला, “तुमचा लाल दिवा नसता तर तुमच्यातच घातली असती.” आम्ही पहाटे पुण्यात पोहोचलो. सासरे पुढे बरे झाले.

परत आल्यावर मी मेस्त्रींकडे मिठाई घेऊन गेलो, पाकीटही खिशात होतं. पाकीट त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मिठाईतला एक पेढा तोंडात टाकत म्हणाले, “पोरगी बारावीला हाय. रसायन काय तिला जमत नाय. तेवढं बघाल का?” मग वर्षभर ती रविवारी घरी येत होती. हुशार होती, फक्त मोल या कल्पनेपाशी अडली होती. पुढे बी.एस्सी. झाली, आता एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिला नोकरी लागली त्या दिवशी मेस्त्री म्हणाले, “साहेब, फिटंफाट.” मी मान हलवली, पण मला हा हिशोब मान्य नाही. तिने अभ्यास स्वतः केला. घाटातली ती कड मला स्वतःहून दिसली नसती.

आता शेड नाही, मेस्त्री गावी शेती बघतात. दिवाळीला फोन होतो. पिवळा बल्ब अजून विषयात असतोच.

या पावसात ताम्हिणीला निघणार असाल, तर विळ्याला चहाला थांबाल तेव्हा दिव्यांची मूठ किंवा दांडीवरचं कडं एकदा तपासून घ्या. दिवे असूनही मालकाला पत्ता नाही अशा गाड्या मी पुष्कळ बघितल्यात. ढगात अप्पर लावू नका. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. आणि धुकं सरलं की मागचा लाल दिवा आठवणीने बंद करा. मोकळ्या हवेत तो मागच्याचे डोळे दिपवतो, आणि त्याच्यापुढे तुमचा ब्रेकचा दिवा त्याला दिसतच नाही.