दाभोळच्या धक्क्यावर

धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत दाभोळच्या धक्क्यावर थांबलात, तर गरी टाकून बसलेल्या मंडळींजवळ जरूर जा. (गरी म्हणजे मासे धरायचा गळ बरं का!) मी गेलो तेव्हा एका आजोबांच्या गरीला वीतभर शेंगाळा लागला. कोळंबीसकट गळ पार पोटात! मला वाटलं, आता ओढून काढणार. पण आजोबांनी माशाच्या तोंडापाशी तंगूस कापला नि त्याला पाण्यात सोडलं. "लहान आहे. ओढला असता तर आतडीच फाटली असती!"

मग त्या गळाचं होतं काय? काही मासे तो काही दिवसांत बाहेर टाकतात. काहींच्या अंगात गळाभोवती मांस धरतं. साधा लोखंडी गळ खाऱ्या पाण्यात हळूहळू गंजून तुटतो. स्टेनलेस स्टीलचा मात्र खूप काळ तसाच राहतो. सगळेच मासे वाचतात असं नाही हं! गळ हृदयात किंवा कल्ल्यांत घुसला, तर मासा बहुधा मरतोच.

आजोबांच्या डबीत दोन्ही जातींचे गळ होते.

"स्टीलचे कशाला?" मी विचारलं.

"गंजत नाहीत. टिकतात ना!"

एवढं बोलून ते जरा थांबले आणि डबीतून साधा गळ काढून तंगुसाला बांधू लागले. तेवढ्यात फेरीबोट आली.