शेंदरी विटांचं घर

न्यू इंग्लंडातली घरं म्हणजे पांढऱ्या लाकडी फळ्या आणि पुढे कातरलेली हिरवळ, असं आठवडाभरात माझं पक्कं मत झालं होतं. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला फार्मिंग्टन अव्हेन्यूवरून भाचीने गाडी वळवली आणि ते मत तिथेच गळून पडलं. समोर टेकाडावर लाल विटांचं एक अवाढव्य प्रकरण उभं. इकडे मनोरा, तिकडे सज्जा, छपराला नुसती टोकंच टोकं. "मावशी, हे घर आहे की आगबोट?" भाची म्हणाली. मिसिसिपीवर आगबोटीचं सुकाणू धरलेल्या माणसाचं घर म्हटल्यावर तसं वाटणारच. मार्क ट्वेनचं घर हे.

आत जायला अवकाश होता, म्हणून भिंतीशी जाऊन उभी राहिले. विटा लाल आहेतच, पण मधल्या काही विटा वर आणखी रंग देऊन काळ्या आणि शेंदरी केलेल्या. लांबून नक्षीचे पट्टे दिसतात, जवळून शेंदूर फासलेली वीट दिसते! आपल्याकडे शेंदूर लागला की त्या दगडापुढे लोक नारळ फोडू लागतात. इथे एका देवळं बांधणाऱ्याने तो घराला लावला. एडवर्ड टकरमन पॉटर हा वास्तुशिल्पी चर्च बांधण्यासाठी नावाजलेला. बहुधा त्यामुळेच घराचे कोन असे आभाळाकडे धावतात. खरं सांगायचं तर बाहेरून मला हे घर सुंदर वाटलं नाही. थोडं जास्तच वाटलं. लग्नात सगळे दागिने एकदम घातलेल्या बाईसारखं.

स्वयंपाकघर चक्क रस्त्याच्या बाजूला! आपण ते मागे, परसाकडे ढकलतो. नोकरांना रस्त्यावरून जाणारी सर्कस धावत बाहेर न येता बघता यावी म्हणून, असं ट्वेन सांगायचा म्हणे.

आत मात्र मी गप्प झाले. दिवाणखान्याआधीच्या दालनाच्या लाकडी फळ्यांवर रुपेरी नक्षी आहे. मंद उजेडात ती शिंपल्याच्या जडावासारखी दिसते. 1881 साली लुई टिफनीच्या मंडळींनी हे काम केलं. त्यांच्यातल्या लॉकवुड डी फॉरेस्टने त्याच सुमारास अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला होता. एवढ्या लांब येऊन ओळखीचं काही डोळ्यांना लागलं, ते उगाच नव्हे.

पण आश्चर्य जेवणघरात. शेकोटी, आणि शेकोटीच्या बरोबर वर खिडकी. धूर जायचा कुठून? धुराडं दोन्ही अंगांनी फाकवून खिडकीच्या बाजूंनी वर नेलंय. खाली जाळ आणि वर पडणारा बर्फ, दोन्ही एकाच वेळी दिसावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

पुस्तकांच्या खोलीत शेकोटीवर स्कॉटलंडमधल्या एका वाड्यातून आणलेलं कोरीव लाकडी काम आहे. त्याच्या आसपास शोभेच्या वस्तू मांडलेल्या. सुझी, क्लारा आणि जीन या मुली बापाला रोज गोष्ट सांगायला लावत. अट अशी, की एका टोकाच्या मांजराच्या चित्रापासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकाच्या मुलीच्या चित्रापाशी संपवायचं. मधली एकही वस्तू वगळायची नाही, क्रमही मोडायचा नाही. 'हकलबरी फिन' लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होत असणार!

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. या नवराबायकोने पाहिलं. बायको ऑलिव्हिया कोळशाच्या व्यापाऱ्याची लेक. पैसा बराचसा तिच्या माहेरचा आणि खोल्यांच्या मांडणीतही तिचं डोकं. 1874 साली कामगारांची ठोकाठोक चालू असतानाच कुटुंब राहायला आलं. पुढे नोकरचाकर, पाहुणे, मेजवान्या. त्यात ट्वेनने छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात पाण्यासारखा पैसा ओतला. यंत्र काही चाललं नाही. 1891 साली घर बंद करून सगळे युरोपात गेले, कारण तिकडे राहणं स्वस्त. 1894 मध्ये त्याच्या प्रकाशनसंस्थेचं दिवाळं वाजलं.

कर्ज फेडायला साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस व्याख्यानं देत जगभर फिरला. जानेवारी 1896 मध्ये तो मुंबईत होता, वॉटसन हॉटेलात. तिथल्या सज्जात येऊन त्याच्यावर टीकाटिप्पणी करणाऱ्या कावळ्यांविषयी त्याने पुढे मोठ्या मजेने लिहिलं. काळा घोड्याजवळचं ते हॉटेल लोखंडी सांगाड्याचं. इमारत अजून आहे. कितीदा तरी तिच्यावरून गेलेय मी. विटांचं घर मागे ठेवून निघालेला कुणी तिथे कावळे बघत बसला होता, हे मात्र मला हार्टफर्डला कळलं.

दौरा संपवून तो इंग्लंडात पोचला. ऑगस्ट 1896 मध्ये इकडे हार्टफर्डच्या याच घरात सुझी मेंदूज्वराने गेली. चोवीस वर्षांची. तिच्याकडे यायला निघालेल्या आई आणि क्लारा अजून बोटीवर होत्या, बाप इंग्लंडात. कर्ज त्याने पुढे पैन् पै फेडलं, पण हे कुटुंब या घरात पुन्हा राहायला आलं नाही. 1903 साली ते विकलं.

मी ऑक्टोबरात गेले होते. शेकोटीवरच्या त्या खिडकीत नुसती पिवळी पानं दिसली. तुम्ही जाल तर जानेवारीत जा, बर्फ पडत असताना.