आवरणाचं काम

पुस्तक दुरुस्तीला आलं की मी आधी त्याचं आवरण पाहतो. कोपरे चेपलेले, कापड विरलेलं, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट, पण आतली पानं शाबूत! अशा वेळी ते बांधणाऱ्या अनोळखी कारागिराबद्दल मनात आदर दाटून येतो. मार आवरणानं खाल्ला आणि मजकूर वाचला.

आवरणंही किती तऱ्हेची! पोथीला वर-खाली फळ्या आणि बाहेरून कापडाचं बासन. दफ्तरातल्या मोडी कागदांना रुमाल. छापील पुस्तकाला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कापड, कापडावर जॅकेट. बासन धूळ अडवतं, फळ्या पानं सपाट ठेवतात, पुठ्ठा कोपरे सांभाळतो. जॅकेट मुळात कापडी किंवा रेशमी बांधणी घरी पोचेपर्यंत मळू नये म्हणून आलं. लोक ते फाडून टाकत, म्हणून जुनी जॅकेटं दुर्मीळ. ‘फ्रेंडशिप्स ऑफरिंग’ या १८३० च्या वार्षिकाचं वेष्टन ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात टिकून आहे, हे नवलच.

जाड पुठ्ठा आणि भरपूर गोंद म्हणजे भक्कम बांधणी, असं गिऱ्हाईक धरून चालतं, पण अनुभव उलटंच सांगतो. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. तिथं मदतीला गेलेल्या ख्रिस्तोफर क्लार्क्सन या ब्रिटिश कारागिराच्या लक्षात आलं, की मऊ चर्मपत्रात बांधलेली जुनी पुस्तकं पुरातून तुलनेनं चांगली तगली होती. त्यांना पुठ्ठा नव्हता, गोंद जेमतेम. आवरण शिलाईच्या वाद्यांनीच धरलेलं. पुढे १९८२ मध्ये त्याची या बांधणीवरची पुस्तिकाच निघाली.

म्हणून जुन्या ग्रंथाला मी जुजबंदीच, म्हणजे दोऱ्यानं शिवलेली बांधणीच, करतो आणि पाठीला मैद्याची खळ लावतो. खळ ओलाव्यानं सुटते, हाच तिचा गुण. सिंथेटिक गोंद एकदा वाळला की कागदाचा पापुद्रा घेऊनच निघतो. ‘कायमचं पक्कं करा’ म्हणणाऱ्यांना मी हे करून दाखवतो.

आवरण झिजणारच, झिजण्यासाठीच ते असतं. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते उतरवेल, तेव्हा पानाला इजा होऊ नये, याची तजवीज आज बांधतानाच करायची असते.