वर्गाबाहेरची हजेरी

गेल्या महिन्यात चोर्ला घाटातून बेळगावला जाणं झालं. आपण गोंयकार बेळगावला गेलो की खडेबाजारात पाय टाकल्याशिवाय थोडेच परततो! कापडाच्या दुकानांपुढची तीच गर्दी पाहिली आणि पाचवीचं वर्ष आठवलं. ते वर्ष मी तिथे मामांकडे राहून मराठी शाळेत काढलं होतं.

वर्गात मी मॉनिटर. गुरुजी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. एका मुलाचं नाव जवळजवळ रोज असे. मग त्याची रवानगी व्हरांड्यात. सगळा तास भिंतीला टेकून उभा. सहावीत तो शाळेत आलाच नाही.

पुढे कधीतरी मामांच्या बोलण्यात आलं, की त्याच्या घरी सगळे कन्नड बोलत. तेव्हा उलगडा झाला. धड्यातला मराठी शब्द अडला की तो शेजारच्याला विचारी. माझ्या लेखी तो ‘बोलणारा’!

आता मी सरकारी कचेरीत रजिस्टरं सांभाळतो, म्हणून एक गोष्ट जास्तच खटकते. हजेरीपटावर तो मुलगा रोज हजर होता. त्याचे किती तास व्हरांड्यात गेले, याची नोंद कुठेच नव्हती.

आज कायदे आहेत. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी आणली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मार आणि मानसिक छळ दोन्ही नाकारतं. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण शाळेतून काढणं वेगळं आणि वर्गातून काढणं वेगळं. इंग्लंडमध्ये याचाही हिशेब ठेवायला सांगितला आहे. तिथल्या सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे वर्गाबाहेर पाठवलेल्या मुलांची माहिती शाळेने जमवायची आणि तीच तीच मुलं किंवा एखाद्याच गटातली मुलं वारंवार बाहेर जात नाहीत ना, हे तपासायचं.

भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांची अडचण मी जाणतो. कधी एखाद्याला बाहेर पाठवावंच लागतं. पण एक साधी वही ठेवायला काय हरकत आहे? नाव, तारीख, तास, कारण. महिन्याअखेरी एकच नाव वीसदा दिसलं, तर कुणीतरी ‘का?’ म्हणून विचारील.

आमच्या फळ्यावर ते नाव रोज होतं हो. पण तास संपला की डस्टर फिरायचा.