पाच मिनिटं थांबा

गळ्यातल्या कार्डावर माझ्या नावाखाली ‘स्पीकर’ असं छापलेलं होतं. आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, ‘छान दिसतेस. पण तुमच्या कामाची पण परिषद असते?’

असते. बंगळुरूच्या एका हॉटेलात दोन दिवस, दोन हॉल आणि मॅन्युअल लिहिणारी माणसं. वॉशिंग मशीनच्या खोक्यातली जी पुस्तिका तुम्ही न उघडता ड्रॉवरमध्ये टाकता, ती कुणीतरी लिहिलेली असते. ते कुणीतरी म्हणजे आम्ही, टेक्निकल रायटर. वर्षभर ज्यांना कुणी वाचत नाही अशी माणसं एकत्र आली की जाम बोलतात. चहाच्या रांगेत ‘क्लिक’ लिहावं की ‘सिलेक्ट’ यावर पंधरा मिनिटं वाद चालला होता. त्यातली सात-आठ मिनिटं मीच बोलत होते.

हवा मात्र जरा पडलेली होती. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जिची मुळं १९५३ पर्यंत जातात, ती जानेवारी २०२५मध्ये पैशांअभावी बंद पडली होती. शिवाय एआय. एआय आणि आपल्या नोकऱ्या या विषयावरचं सेशन मोठ्या हॉलमध्ये होतं, लोक भिंतीला टेकून उभे. माझं त्याच वेळी छोट्या हॉलमध्ये. आले तेवीस जण. स्टेजवरून आरामात मोजता येतात.

माझा विषय अगदी लहान होता : मॅन्युअलमध्ये धोक्याची सूचना नेमकी कुठे लिहायची?

उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ज्या कृतीत धोका आहे, तिच्या आधी. कारण मॅन्युअल कुणी कादंबरीसारखं वाचत नाही. माणूस एक ओळ वाचतो, हात चालवतो, मग पुढची ओळ वाचतो. यूट्यूबवरच्या रेसिपीत सगळं मिक्सरमधून काढून झाल्यावर बाई म्हणतात ना, ‘डाळ मात्र आदल्या रात्री भिजवलेली हवी’, तसं झालं तर उपयोग शून्य. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी ऐंशीच्या दशकापासून एक शिस्त आहे, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त वीस शब्द. एका वाक्यात एकच सूचना. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. कारण विमानाखाली झोपून पाना फिरवणाऱ्याची भाषा इंग्रजी असेलच असं नाही. मला ही शिस्त फार आवडते. तिच्यात वाचणाऱ्याला मूर्ख समजलेलं नाही. त्याचे हात कामात आहेत, एवढंच लक्षात ठेवलंय.

हे सगळं मी अठरा स्लाइडमध्ये सांगितलं. मुळात एकोणीस होत्या.

काढलेली स्लाइड सातवी. तिच्यात मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एका ड्राइव्हची गोष्ट होती. या ड्राइव्हमध्ये मोठे कपॅसिटर असतात. मेन सप्लाय बंद केला तरी ते लगेच रिकामे होत नाहीत. थ्री-फेज ड्राइव्हमध्ये आत साधारण साडेपाचशे व्होल्ट तसेच बसून असतात. म्हणून आमच्या ड्राइव्हसाठी नियम होता, सप्लाय बंद केल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मीटर लावून बघायचं, मगच आत हात घालायचा.

आमच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. तिसरी पायरी, मेन सप्लाय बंद करा. चौथी, पुढचं झाकण काढा. पाचवी, जुन्या वायरी सोडवा. मग पान उलटायचं आणि तिथे पिवळ्या चौकटीत, पाच मिनिटं थांबा. आमच्या टेम्प्लेटमध्ये सगळे इशारे प्रकरणाच्या शेवटी एकत्र यायचे, पान स्वच्छ दिसतं म्हणून. मी त्यावर एक मेल लिहिला होता. एकच. उत्तर आलं, ‘पुढच्या व्हर्जनला बघू.’ रिलीजची तारीख जवळ होती, मीही बघू म्हटलं.

सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात आमच्या टेक्निशियनने झाकण काढलं. वाचला. उजवा तळवा भाजला आणि दोन बोटांत अजून पुरती जाण नाही. रिपोर्टमध्ये वाक्य होतं की त्याने सूचना पूर्ण वाचल्या नाहीत.

सहा महिन्यांनी तो ट्रेनिंगसाठी पुण्याला आला तेव्हा कॅन्टीनमध्ये मीच जाऊन ओळख करून दिली. वाटलं होतं चिडेल. तो समजावण्याच्या सुरात म्हणाला, ‘मॅडम, बुक समोरच होतं. वाचत वाचतच करत होतो. पान उलटायला हात मोकळा नव्हता.’

सातव्या स्लाइडवर त्याचं हे शेवटचं वाक्य होतं, बाकी काही नाही. मॅनेजर म्हणाली, ‘अगं, ही काढ. लीगलवाले बघतील.’ मी वाद घातला नाही. स्लाइड निवडली, डिलीट दाबलं. (इथेही कंपनीचं नाव लिहीत नाहीये. नोकरी हवीय मला.)

भाषण छान झालं. शेवटी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला, पहिलीच नोकरी असावी. म्हणाली, ‘इशारा चुकीच्या जागी आहे हे तुमच्या लक्षात कसं आलं?’

माइक माझ्या हातात होता. मॅनेजर पुण्यात होती. मी म्हणाले, ‘युजर फीडबॅकमधून.’

माना हलल्या. त्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

जेवताना ती माझ्याच टेबलाशी आली, लिंक्डइनवर अॅड करू का म्हणून. ताटातला बिसी बेळे भात गार होत होता. आत्ता सांगावं, असं दोनदा वाटलं. मग तिने विचारलं, तुम्ही कुठलं टूल वापरता? आणि आम्ही टूलबद्दल बोललो.

परतीच्या गाडीत सोलापूरच्या आसपास त्याला मेसेज केला, तुमच्या मॅन्युअलबद्दल परिषदेत बोलून आले म्हणून. तुमच्याबद्दल बोलले असं लिहिलं नाही. ते खोटं झालं असतं. नव्या आवृत्तीत ‘पाच मिनिटं थांबा’ ही आता चौथी पायरी आहे आणि झाकण पाचवी, हेही कळवलं.

त्याने अंगठा पाठवला. मग विचारलं, ‘मराठीत कधी येणार मॅडम?’ मग एक फोटो आला. कारखान्यातलं पॅनेल, तेलकट, राखाडी. झाकणावर, स्क्रूच्या बरोबर वर, काळ्या मार्करने लिहिलेलं : ‘थांब रे बाबा. ५ मि. मीटर लाव.’

यंदाच्या परिषदेसाठी मी तो फोटो स्लाइडमध्ये टाकलाय. सात नंबरला. मॅनेजरला अजून दाखवलेला नाही.