ताकादानोबाबाची बाराखडी

आमच्या थोरल्या ताईचा धाकटा मुलगा जपानला शिकायला गेला, तेव्हा पतपेढीच्या कर्जावर जामीन म्हणून सही माझी झाली. कर्ज सहा लाखांचे. शिवाय ताईच्या पाटल्या आणि गंठण सोनाराकडे. एजंटाने घरी बसून चहा पिता पिता सांगितले होते, "मुलगा सहा महिन्यांत घरी पैसे पाठवायला लागेल." मुलगा एप्रिल २०२२ मध्ये गेला. सहा महिने गेले, वर्ष गेले, दुसरे गेले. हप्ता दाजींच्या पगारातूनच कापला जात राहिला. ताई बोलत नव्हती, पण प्रत्येक रविवारी विहारातून परतताना माझ्या दारात थांबून एवढेच विचारायची, "तुझ्याशी काही बोलला का रे तो?"

त्यातच वस्तीतली आणखी दोन घरे मुलांना तिकडेच पाठवायच्या गोष्टी करू लागली. फॉर्म भरायचा म्हटले की लोक माझ्याकडे येतात. बी.कॉम. झालेला आणि कचेरीत कारकून असलेला माणूस म्हणून हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडले आहे. पण जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याच्यावर सल्ला काय देणार? दोन वर्षांचा बोनस साठवला, मुलाने राहायची सोय करतो म्हटले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा दिवसांसाठी मी टोकियोला गेलो.

नारिता विमानतळावर भाचा घ्यायला आला होता. वाळला होता. पहिला प्रश्न त्याने केला, "मामा, आई कशी आहे?" आणि दुसरा, "चटणी आणलीस?" निप्पोरीला गाडी बदलून यामानोते या गोल फिरणाऱ्या लोकल मार्गाने आम्ही ताकादानोबाबा स्टेशनला उतरलो.

आपल्याकडे जसा पुण्यात क्लासवाल्यांचा एखादा रस्ता असतो, तसा हा भाग. स्टेशनातून बाहेर पडलेला रस्ता वासेदा विद्यापीठाकडे जातो. हे मोठे विद्यापीठ ओकुमा शिगेनोबू यांनी १८८२ मध्ये काढले, तेव्हा त्याचे नाव 'तोक्यो सेन्मोन गाक्को' होते. १९०२ मध्ये ते वासेदा विद्यापीठ झाले. आसपासच्या गल्ल्यांत परदेशी मुलांना जपानी शिकवणाऱ्या शाळा आहेत. एकेक शाळा चार-पाच मजली, अरुंद, खाली सायकलींची गर्दी. ब्रह्मदेशातल्या लोकांची येथे इतकी वस्ती आहे की या भागाला 'छोटे रंगून' म्हणतात. त्यांच्या खाणावळीतला भात-मासा मला घरच्यासारखा लागला.

भाच्याची जुनी भाषाशाळा येथेच. त्याच्या बाईंनी मला एक तास मागच्या बाकावर बसू दिले. वर्गात नेपाळ, व्हिएतनाम, चीन, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी सगळी मुले. माझी नजर मात्र भिंतीवरच्या तक्त्यावर खिळली. भाचा कानात वाचून दाखवत होता. पहिली ओळ: अ, इ, उ, ए, ओ. पुढे का, कि, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचकहो, ही तर आपली बाराखडी! क नंतर च यावा तेथे स आहे, प यावा तेथे ह आहे. पण फार पूर्वी जपानी लोक त्या ह चा उच्चार प सारखाच करीत, आणि त्या स चा उच्चारही च च्या जवळचा होता असे भाषातज्ज्ञ मानतात. बौद्ध भिक्खू सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास करीत, त्यातून हा क्रम त्यांच्या अक्षरांना मिळाला. जपानमध्ये ही विद्या रुजवणाऱ्यांत मोठे नाव कुकाई या भिक्खूंचे. ते ८०४ मध्ये चीनला गेले आणि तेथे संस्कृत शिकून आले. त्यांच्याच कोयासान पर्वतावरील विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. तेथे जाऊन वंदन करायचे फार मनात होते, पण टोकियोहून जाण्या-येण्याचे भाडे ऐकले आणि गप्प बसलो. वाटेत एका विहारामागच्या स्मशानात लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे लिहिलेली दिसली, त्यावर समाधान मानले. त्या फळ्यांना 'सोतोबा' म्हणतात. शब्द आपल्या 'स्तूप' वरूनच गेलेला. बायका नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात, तोही आपल्या 'दान' शब्दातून आलेला. म्हणजे घरात दान देणारा! हे ताईला सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली.

नुसती बाराखडीच नाही, वाक्यही आपल्यासारखेच बसते. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. 'वाताशी वा मायनिची निहोंगो ओ बेंक्यो शिमासु' म्हणजे मी रोज जपानीचा अभ्यास करतो. आपण 'अभ्यास करणे' म्हणतो, ते 'बेंक्यो सुरु' म्हणतात. आपले ला, त, ने शब्दाच्या मागे लागतात, तसेच त्यांचे नि, दे, ओ. बाई म्हणाल्या की मराठी आणि नेपाळी मुले बोलायला लवकर लागतात. अडतात ती चित्राक्षरांत, म्हणजे कांजीत. सरकारी यादीतली रोजच्या वापराची कांजीच २१३६ आहेत. चिनी मुलांना ती आधीपासून ओळखीची, म्हणून ती वाचनात पुढे आणि बोलण्यात मागे. भाच्याला सगळ्यात आधी आवडलेली कांजी 'विश्रांती'ची. माणसाचे चिन्ह आणि शेजारी झाडाचे चिन्ह, झाडाला टेकलेला माणूस. "मामा, ती कांजी मला लिहिता यायची, करता येत नव्हती," असे तो म्हणाला.

त्याचे कारण आता सांगतो. त्याने घरी जे सांगितले नव्हते ते मला पहिल्या तीन रात्रींत कळले. तिघे मुलगे मिळून एका खोलीत राहतात, एक नेपाळचा, एक व्हिएतनामचा आणि हा. पहिल्या वर्षी भाषा येत नव्हती, म्हणून बोलावे लागणार नाही असे काम मिळाले, डबे भरण्याच्या कारखान्यात, रात्री दहा ते पहाटे पाच, थंडगार हॉलमध्ये उभ्याने. सकाळी नऊला वर्ग. वर्गात डुलक्या. हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की व्हिसा वाढवून मिळणे कठीण, म्हणून झोपायला का होईना वर्गात जायचे.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जन्मभर जमा-खर्चच मांडला आहे. विद्यार्थ्याला परवाना घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येते. मोठ्या सुट्टीत तेवढे दिवसाला आठ तास. टोकियोतली किमान मजुरी मी गेलो तेव्हा तासाला ११६३ येन होती. म्हणजे महिन्याला साधारण एक लाख तीस हजार येन. आता खर्च. भाषाशाळेची फी वर्षाला आठ लाख येनच्या आसपास, महिन्याला पडते ६६ हजार. खोलीचा वाटा ३५ हजार. जेवण, गाडीभाडे, फोन, आरोग्य विमा मिळून ३० हजार, तेही हात आखडून. बेरीज एक लाख ३१ हजार. शिल्लक काय? उलट हजार येन खिशातून. पतपेढीचा हप्ता यात बसतो कोठे? एजंटाला हा हिशेब येत नव्हता असे मी मानत नाही. आणि मला तो सहीच्या आधी मांडता आला असता, ही माझी चूक. ती ताईसमोर मी कबूल केली आहे.

भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाने दोन ठिकाणी कामे धरून तास ओलांडले. व्हिसा वाढवून मिळाला नाही, अभ्यास अर्धवट टाकून परतला. कर्ज मात्र तसेच.

मग आमचा पोरगा टिकला कसा? भाषेनेच टिकला. दुसऱ्या वर्षी चौथ्या पातळीपुरते बोलता येऊ लागले, तसे कारखाना सोडून चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यावर काम मिळाले. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ सुटली. पुढे दुसऱ्या पातळीची परीक्षा, एन-२, पास झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये मोटार दुरुस्तीच्या सेन्मोन गाक्कोत गेला. आजच्या सेन्मोन गाक्कोची व्यवस्था १९७६ पासूनची. एक धंदा नीट शिकवणारे हे महाविद्यालय, बहुधा दोन वर्षांचे. मोटार दुरुस्तीचा असा अभ्यासक्रम पुरा केला की दुसऱ्या श्रेणीच्या मेकॅनिकच्या सरकारी परीक्षेला बसता येते, आणि शिकलेल्या विषयातलीच नोकरी मिळाली तर कामाचा व्हिसा मागता येतो. भाषाशाळेच्या कागदावर तेवढ्याने नोकरी मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. विद्यापीठात जायचे असेल तर जून आणि नोव्हेंबरात परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते. ती वाट आणखी लांबची.

त्याची कार्यशाळा मी पाहिली. इंजिन उघडून मांडलेले, प्रत्येक नटबोल्ट ओळीने कापडावर. हा बारावीनंतर पिंपरीच्या गॅरेजात दोन वर्षे होता. "तिथे मी ऐकून शिकलो, मामा. इथे आधी वाचायचं, मग हात लावायचा." पुस्तकात कांजीच्या वर त्याने बारीक मराठीत उच्चार लिहिलेले होते. पुढच्या पानांवर ते कमी होत गेले होते.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला पुढच्या स्टेशनावर, शिन-ओकुबोला नेले. तेथे एक फलक आहे, जपानी आणि कोरियन भाषेत. २६ जानेवारी २००१ रोजी रुळावर पडलेल्या एका दारू प्यायलेल्या माणसाला वाचवायला दोघांनी उडी मारली, छायाचित्रकार सेकिने शिरो आणि ली सू-ह्यन. गाडी आली, तिघेही गेले. ली हा सव्वीस वर्षांचा कोरियन मुलगा, टोकियोतल्या भाषाशाळेचा विद्यार्थी. भाच्याने फलक थांबत थांबत, पण सगळा वाचून मला मराठीत सांगितला. मी ऐकत उभा राहिलो. गर्दी आम्हाला वळसा घालून जात होती.

त्या दोन घरांना मी काय सांगितले तेही लिहितो, कारण तुमच्याही दारात कोणी एजंट येईल. भाषा आधी येथे शिका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तेथे जपानी शिकवतात. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही शिकवतात. एन-५ ते एन-१ या परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होतात, त्यासाठी टोकियोला जावे लागत नाही. एन-४ येथूनच करून जाणारा मुलगा त्या थंड हॉलचे एक वर्ष वाचवतो. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती सेन्मोन गाक्कोसाठीही असते. तिच्यात पहिले एक वर्ष भाषा शिकवतात, फी नाही, विमानभाडे आणि महिन्याचा खर्च मिळतो. अर्ज जपानी वकिलातीमार्फत, लेखी परीक्षा असते, जागा थोड्या. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, भाषाशाळेला ती चालत नाही. एजंट उलटे सांगेल, ऐकू नका.

एका घराने मुलीला पुण्याच्या वर्गात घातले. दुसरे घर माझ्यावर रागावले आहे. मीच वाट अडवली असे त्यांना वाटते.

शेवटच्या रात्री भाचा दहाला कामावर निघाला. दारात बूट घालता घालता खोलीतल्यांना म्हणाला, "इत्ते किमासु." आतून दोघांनी उत्तर दिले, "इत्ते राश्शाय." मी अर्थ विचारला. शब्दशः, 'जाऊन येतो' आणि 'जाऊन या'. घरी आल्यावर ताईला हे सांगितले. आता रविवारी फोन ठेवताना ती त्याला तेच म्हणते, जरा अडखळत, आणि तिकडून तो दुरुस्त करतो.